दोन आसनांची गाडी : श्रीमंत यशवंतराव होळकर (दुसरे)

गणेशोत्सवाच्या मांडवात होळकरांचा विषय निघाला की आपण इंदूरकर मल्हारराव आणि अहिल्यादेवी यांच्याविषयी भरभरून बोलतो. शिंद्यांचे सैन्य उधळून लावणाऱ्या पहिल्या यशवंतरावांचे नावही अभिमानाने घेतो. मात्र त्याच नावाच्या शेवटच्या राजाकडे आलो की आवाज थोडा खाली येतो. महाराज सदा परदेशात असत, अमेरिकन बायका केल्या, मोटारींवर पैसा उधळला, एवढ्यावर विषय संपतो. एम. वाय. हॉस्पिटलमध्ये आपण सगळे कधी ना कधी जाऊन आलो आहोत, पण त्यातला ‘वाय’ कोण हे नव्या पिढीला सांगावे लागते. माणिकबागेवरून रोज जा-ये करणाऱ्यांना आत केंद्रीय जीएसटीचे कार्यालय आहे एवढे ठाऊक असते. ती वास्तू एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या राजाने आपल्या राणीसह राहण्यासाठी बांधवून घेतली होती, हे फाटकावरून जाताना मनात येत नाही.

वरच्या तिन्ही आरोपांत तथ्य आहे आणि ते झाकण्याचा आमचा हेतू नाही. मात्र मोटारींचा जो आरोप सगळ्यात हसत हसत केला जातो, त्याच्याकडे नीट पाहिले तर हा माणूस बराच कळतो, असे आम्हाला वाटते. म्हणून त्यांचे चरित्र या वेळी मोटारखान्याच्या दारातून आत शिरून सांगत आहोत.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी झाला. आजोबा शिवाजीराव यांनी १९०३ मध्ये गादी सोडली होती आणि वडील तुकोजीराव (तिसरे) लहान वयात राजे झाले होते. यशवंतराव इंग्लंडमध्ये शिकत असताना वडिलांवरही तीच वेळ आली. कारण ठरले बावला प्रकरण. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार दुसऱ्या मोटारीने अडवून त्यांना ठार करण्यात आले. त्यांच्याबरोबर असलेली मुमताज बेगम ही इंदूर दरबार सोडून आलेली होती. खटला देशभर गाजला, धागेदोरे इंदुरात पोहोचले आणि चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी मुलाच्या नावे गादी सोडली. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. वडिलांनी पुढे १९२८ मध्ये बडवाह येथे नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या आणि त्यावरूनही महाराष्ट्रभर वादळ उठले. तेव्हा अमेरिकन सून होळकरांच्या घरात यशवंतरावांनी पहिल्यांदा आणली, असे जे म्हटले जाते ते खरे नाही.

अशा घरातला हा मुलगा. चीम येथील शाळा, मग चार्टरहाऊस, मग ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज असा त्याचा शिक्षणक्रम झाला. लग्न १९२४ मध्येच, कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी लावून दिलेले होते. त्या वयाने फारच लहान होत्या आणि त्यांचेही शिक्षण पुढे इंग्लंडमध्ये झाले. राज्याचा कारभार या काळात सर सिरेमल बापना आणि त्यांचे मंत्रिमंडळ पाहत होते. ९ मे १९३० रोजी यशवंतरावांना पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

ऑक्सफर्डच्या दिवसांतच त्यांना एक्कार्ट मुथेसियस हा तरुण जर्मन वास्तुकार भेटला. तो यशवंतरावांहून चारच वर्षांनी मोठा. वडील हेरमान मुथेसियस जर्मनीतले नामवंत वास्तुकार, पण या मुलाच्या खात्यावर अजून फारसे काही जमा नव्हते. पहिले मोठे काम त्याला इंदूरच्या राजाने दिले. त्यातून १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभी राहिली. तिच्याविषयी जगात इतके लिहिले गेले आहे की आम्ही थोडक्यात आटोपतो. घुमट नाही, नक्षी नाही, झुंबर नाही. सरळ रेषा, काच, धातू, वातानुकूलन. रूलमानचे लेखनाचे मेज, आयलीन ग्रेच्या आरामखुर्च्या, लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी केलेले काच व धातूचे पलंग, दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे. त्या काळी युरोपातल्या धनिकांनाही या वस्तू फार पुढच्या वाटत. लाल बागेच्या सोनेरी गिलाव्यात वाढलेल्या मुलाने हे घर निवडले, यातच त्याने काय मागे टाकले ते दिसते.

बेर्नार द मोंवेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन मोठी चित्रे काढली. एकात काळा पाश्चात्त्य पोशाख आणि अंगावर झगा, दुसऱ्यात पांढरा मराठी वेश आणि डोक्याला होळकरी पगडी. दोन्हींत तीच लांब बोटे, तेच शांत, काहीसे दूर पाहणारे डोळे. कोणता यशवंतराव खरा, असा प्रश्न चित्रे पाहणाऱ्याला पडतो. आमच्या मते दोन्ही.

आता मोटारी. त्या काळात उंची गाडी घेणे म्हणजे दुकानात जाऊन रंग पसंत करणे नव्हे. कारखाना फक्त सांगाडा द्यायचा, म्हणजे इंजिन, चाके, चौकट, स्टिअरिंग. त्यावरचा देह बांधणारे कारागीर वेगळे असत आणि ते लाकडाच्या चौकटीवर हातोडीने पत्रा ठोकून तो घडवीत. शिंप्याकडे कापड घेऊन जावे तसा ग्राहक सांगाडा घेऊन त्यांच्याकडे जाई आणि आपल्या मापाचा कपडा शिवून घेई. त्यामुळे अशी प्रत्येक गाडी एकुलती एक असे. यशवंतरावांच्या मोटारखान्यात बेंटले होती, बारा सिलिंडरची हिस्पानो-सुइझा होती, पण ज्या गाडीने त्यांचे नाव मोटारींच्या इतिहासात कायमचे गेले ती म्हणजे ड्यूसेनबर्ग एसजे.

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनीत जन्मलेले दोघे भाऊ अमेरिकेत वाढले आणि इंडियानापोलिसला शर्यतीच्या गाड्या बांधता बांधता त्यांनी मोटारींचा कारखाना काढला. १९२८ च्या अखेरीस त्यांचे जे मॉडेल आले. आठ सिलिंडर एका रांगेत, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन आणि २६५ अश्वशक्ती. पुढे त्यालाच हवा दाबून भरणारा पंखा, म्हणजे सुपरचार्जर, जोडून एसजे तयार झाली आणि शक्ती ३२० वर गेली. जे मॉडेलच्या नुसत्या सांगाड्याची किंमत तिशीच्या दशकात ९,५०० डॉलर होती. आपल्या त्या वेळच्या हिशोबाने पंचवीस हजार रुपयांच्या पुढे. तेव्हा अमेरिकेत नवी कोरी फोर्ड सहाशे डॉलरच्या आत मिळत असे. जे आणि एसजे मिळून पाचशेही सांगाडे बनले नाहीत, आणि त्यांतल्या एसजे तर पस्तीस-छत्तीसच. खुद्द फ्रेड ड्यूसेनबर्ग १९३२ मध्ये अशाच एका एसजेच्या अपघातात जखमी झाले आणि त्यातून उठले नाहीत.

यशवंतरावांनी मागवला तो सर्वांत लांब सांगाडा, पुढच्या आणि मागच्या चाकांत जवळजवळ चार मीटर अंतर असलेला. तो अमेरिकेहून लंडनला गर्नी नटिंग या कारागिरांकडे गेला. एवढ्या लांबीवर कोणीही सात-आठ माणसांची, मधे काचेचा पडदा असलेली राजेशाही गाडी बांधून घेतली असती. यशवंतरावांनी त्यावर बांधून घेतली दोन आसनांची उघडी गाडी. पुढे न संपणारे बॉनेट, बाजूने बाहेर आलेल्या चकचकीत धूरनळ्या, मागे होडीच्या टोकासारखी निमुळती होत गेलेली शेपटी आणि मधे कुठेतरी दोन माणसांपुरती जागा. रंग केशरी आणि काळा. पुढच्या बाजूला रंगीत दिवे बसवलेले होते, आत महाराज आहेत की महाराणी हे पोलिसांना दुरून कळावे म्हणून, असे सांगतात.

या दोन आसनांवर आम्ही मुद्दाम थांबतो. हत्तीवर अंबारीत बसणे, बग्गीत बसणे, लांबलचक रोल्स-रॉइसच्या मागच्या गादीवर बसणे, या सगळ्यांत राजा हा वाहून नेला जातो. पुढे माहूत, कोचमन, शोफर, बाजूला हुजरे, मागे स्वार. दोन आसनांच्या गाडीत हे काही मावत नाही. एका आसनावर राजाने स्वतः बसून चालवायचे आणि दुसऱ्यावर फार तर आणखी एक माणूस. आजोबांना गादी सोडावी लागली, वडिलांना सोडावी लागली, स्वतःच्या राज्यात रेसिडेंटच्या नजरेखाली वागावे लागते, दरबारात शे-दोनशे डोळे रोखलेले. अशा माणसाला निदान या एका चाकावर दुसऱ्या कोणाचा हात नको होता, असे आम्हाला दिसते. खर्चाच्या आकड्यावरून हसणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

अशी गाडी बाळगणे म्हणजे काय, ते ज्यांनी जुनी गाडी सांभाळली त्यांनाच कळेल. आमच्यात अशी काही मंडळी आहेत की ज्यांच्या घरी वीस-वीस वर्षे एक फियाट किंवा लँडमास्टर नांदली. सकाळी चोक ओढून तिची विनवणी करायची, घाट चढताना काट्यावर एक डोळा ठेवायचा, डिकीत पाण्याचा कॅन आणि पंख्याचा पट्टा असल्याशिवाय गावाबाहेर पडायचे नाही. ड्यूसेनबर्ग ही याच जातीची, फक्त हत्तीच्या मापाची. दोन टनांहून अधिक वजन. तीन गिअर आणि तेही आजच्यासारखे आपोआप जुळणारे नव्हेत. डबल क्लच मारून, इंजिनाचा वेग कानाने ओळखून, नेमक्या क्षणी दांडा सरकवायचा. क्षण चुकला की दात दातांवर घासल्याचा आवाज अख्ख्या रस्त्याला ऐकू जाणार आणि चालवणारा राजा असला तरी तो लपणार नाही. सुपरचार्जर वेगात आला की बॉनेटखालून शिट्टीसारखा सूर निघतो. तो सूर ऐकण्यासाठी लोक आजही मैलोन् मैल जातात.

तिच्या लहरी गमतीच्या आहेत. सांगाड्याच्या सांध्यांना तेल पाजण्यासाठी गाडीखाली आडवे व्हावे लागत नसे, गाडी धावताना स्वतःच ठरावीक वेळाने नळ्यांतून ते पोहोचवी. पुढ्यातल्या पट्टीवर छोटे दिवे होते, ठरलेले मैल पुरे झाले की एक दिवा लागून इंजिनाचे तेल बदला म्हणून आठवण करी, दुसरा बॅटरीतले पाणी तपासा म्हणून. पाऊणशे वर्षांनंतर आपल्या गाड्या हे करू लागल्या तेव्हा आपल्याला नवल वाटले! वेगाच्या आणि फेऱ्यांच्या काट्यांबरोबर त्या पट्टीवर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटाही असे. अमेरिकेत तो शोभेचा म्हणावा, पण माळव्याच्या पठारावरून जाम घाटाने निमाडात महेश्वरकडे उतरणाऱ्याला तो खरोखर हलताना दिसला असता.

आणि एवढे असूनही, किंवा एवढे असल्यामुळेच, ती सतत माणसांवर अवलंबून. चैत्र-वैशाखात माळव्याचे ऊन, पावसाळ्यात चाकाला धरून ठेवणारी काळी माती, बाकीचे आठ महिने बारीक धूळ. जमिनीपासून थोडक्या उंचीवरची लांब चौकट आणि बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. लंडनच्या कारागिरांनी हा विचार करून शिवलेला कपडा नव्हता. म्हणून प्रत्येक फेरीनंतर धुणे, पुसणे, नटबोल्ट आवळणे, तांब्याच्या नळ्यांत कचरा गेला का ते बघणे. या कामाची गंमत अशी की त्यात राजा आणि मिस्त्री एका पातळीवर येतात. बॉनेट उघडले की वाकून बघणाऱ्या दोन डोक्यांत पगडी कोणाची ते महत्त्वाचे राहत नाही.

त्यात एक गोष्ट अशी घडली की तिच्यामुळे ही गाडी पहिल्या दिवसापासूनच जुनी ठरली. लंडनच्या कारागिरांचे काम होऊन ती महाराजांच्या हाती आली ते साल १९३७ आणि त्याच साली ड्यूसेनबर्ग कंपनी बंद पडली. नव्या कोऱ्या गाडीच्या मागे कारखानाच उरला नाही. एखादी पट्टी मोडली, एखादे चाकातले दात झिजले, तर पत्र लिहायला पत्ता नाही. मिळेल त्या कारागिराकडून लेथवर घडवून घ्यायचे. इतर गाड्यांना जुने व्हायला तीस-चाळीस वर्षे लागतात, हिला ती सवलत मिळाली नाही.

१९३७ हे साल यशवंतरावांच्या आयुष्यातही तसेच उलटे फिरले. त्या वर्षी उन्हाळ्यात संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय अवघे बावीस-तेवीस. मुलगी उषाराजे चार वर्षांचीही झाली नव्हती. माणिकबागेतल्या काचेच्या पलंगांपासून मॅन रेने काढलेल्या छायाचित्रांपर्यंत सगळीकडे हे दोघे जोडीने दिसतात. त्या छायाचित्रांत राजाराणीचा थाट नाही, एकमेकांच्या संगतीत खूष असलेली दोन तरुण मुले आहेत. दोन आसनांची गाडी आली आणि दुसरे आसन रिकामे झाले.

शिल्पकार ब्रांकुशी याची कथा याच सुमाराची. त्याचे अवकाशातील पक्षी हे शिल्प यशवंतरावांनी एक नव्हे, तीन घेतले होते: एक ब्राँझचे, एक पांढऱ्या आणि एक काळ्या संगमरवराचे. या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला. पण मंदिर झाले नाही. राजाचे मन आता बांधण्यात राहिले नव्हते, असा आम्ही त्याचा अर्थ लावतो. आज दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत आणि ब्राँझचा कॅलिफोर्नियात नॉर्टन सायमन संग्रहालयात.

इथे वाचकांपैकी कोणी विचारील की हा सगळा पैसा कोणाचा? प्रश्न रास्त आहे. माळव्याच्या कापसाचा आणि शेतसाऱ्याचा, इंदूरच्या गिरण्यांच्या कराचा. मंदीच्या वर्षांत शेतकऱ्याला कापसाचा भाव मिळत नव्हता आणि त्याच वर्षांत हॅम्बुर्गहून बोटी भरून फर्निचर येत होते. हे पुसून टाकता येत नाही. दुसरीकडे, याच राजवटीत गंभीर नदीवर यशवंतसागर बांधला गेला आणि शहराला त्याचे पाणी मिळाले, आणि एम. वाय. हॉस्पिटल आजही सगळ्या माळवा-निमाडच्या गोरगरिबांचे आहे. जमाखर्च मांडून दोन्ही बाजू सारख्या येतात असे आम्ही म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की इंदूरच्या लोकांनी फक्त खर्चाची बाजू लक्षात ठेवली आहे.

क्रिकेटची गोष्ट मात्र आपण विसरलेलो नाही. कर्नल सी. के. नायडूंना इंदुरात तुकोजीरावांनी आणले होते. यशवंतरावांच्या काळात होळकर संघ उभा राहिला आणि १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात त्याने चारदा रणजी करंडक जिंकला. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर! आपल्यातल्या ज्येष्ठांना ही नावे अजून पाठ आहेत. महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध होळकरांकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढून गेला. सामना मात्र मुंबईने जिंकला.

संयोगिताराजेंनंतर यशवंतरावांनी १९३८ मध्ये मार्गरेट लॉलर या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. तो १९४३ मध्ये मोडला आणि त्याच वर्षी युफेमिया क्रेन यांच्याशी, त्याही अमेरिकनच, तिसरा विवाह झाला. महायुद्धाच्या काळात ते बरेच दिवस अमेरिकेत राहिले. राजाने आपल्या प्रजेपासून इतके दूर राहू नये, हे आमचेही मत आहे. पण तिथे बसून त्यांनी एक गोष्ट अशी केली की तिची आठवण इंदुरात क्वचित निघते. १९४२ च्या मे महिन्यात त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहिले आणि हिंदुस्थानच्या राजकीय प्रश्नात अमेरिका, चीन आणि रशिया यांनी लवाद म्हणून पुढे यावे, अशी विनंती केली. क्रिप्स रिकाम्या हाताने परतले होते आणि चले जाव चळवळीला तीन महिने अवकाश होता. ब्रिटिशांच्या मेहेरबानीवर गादी टिकलेल्या संस्थानिकाने ब्रिटिशांना डावलून परक्या सत्तांपुढे देशाची बाजू मांडावी, हे दिल्लीला मुळीच रुचले नाही. आजोबा आणि वडील यांचे काय झाले हे ठाऊक असलेल्या माणसाने हे लिहिले, हे ध्यानात घ्यायला हवे.

पाच वर्षांनी सामीलनाम्याची वेळ आली तेव्हा मात्र तेच यशवंतराव भोपाळच्या नवाबांच्या सोबतीने शेवटपर्यंत ताणून धरत राहिले. विसंगती आहे खरी. स्वातंत्र्य हवे होते, पण त्यात आपले राज्यही जाणार हे मानायला मन तयार नव्हते. अखेर सही झाली आणि २८ मे १९४८ रोजी मध्य भारत अस्तित्वात आला. राजप्रमुख ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे, उपराजप्रमुख यशवंतराव होळकर. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, अशी वाटणी करून शिंदे-होळकरांचा जुना मान राखण्यात आला! ३१ ऑक्टोबर १९५६ ला तेही संपले आणि दुसऱ्या दिवसापासून आपण मध्य प्रदेशात गेलो. आजोबांनी १९०३ मध्ये, वडिलांनी १९२६ मध्ये आणि यांनी १९४८ मध्ये, तिघांनीही जिवंतपणीच राज्य सोडले. फरक एवढा की यांच्यानंतर सोडायला काही उरलेच नाही.

शेवटची वर्षे प्रकृतीने साथ दिली नाही. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय त्रेपन्न. गादीचा मान भारत सरकारच्या निर्णयाने कन्या उषाराजे यांच्याकडे गेला. तुकोजीराव मुलाच्या मागे सोळा वर्षांहून अधिक जगले आणि १९७८ मध्ये पॅरिसला वारले.

माणिकबागेचे फर्निचर १९८० च्या मे महिन्यात मोनॅकोत लिलावात निघाले. इंदुरात ज्या खुर्च्यांकडे लोक विचित्र म्हणून बघत, त्यांच्यासाठी जगातले संग्राहक तिथे बोली लावत होते. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकलेच्या संग्रहालयाने तर या एका राजावर आणि त्याच्या घरावर अख्खे प्रदर्शन भरवले. त्याला गेलेली इंदूरची माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतील.

ड्यूसेनबर्ग त्याआधीच गेली होती. भारतातून जुन्या मोटारी बाहेर नेण्यावर सरकारने सत्तरच्या दशकात बंदी घातली, पण तोवर संस्थानांच्या मोटारखान्यांतल्या कितीतरी उत्तम गाड्या परदेशी पोहोचल्या होत्या आणि त्यांत ही होती. जिथे तिचा सांगाडा घडला त्या अमेरिकेत ती परत गेली. तिथे तिला नव्याने सांधले गेले, पत्रा सरळ झाला, धूरनळ्यांना पुन्हा झिलई आली. आज ती चालू स्थितीत आहे, मूळच्या केशरी-काळ्या रंगात, आणि मोटारींची माहिती असणारे तिला बनवणाऱ्याच्या किंवा आजच्या मालकाच्या नावाने ओळखत नाहीत. ते तिला इंदूरच्या महाराजांची गाडी म्हणतात.